'शन'च्या अगोदर जोर

नागपूरच्या लकडगंजातल्या लाकडाच्या टालांवर ओंडके उचलणारे हमाल शंभर असतील, पण हाक देणारा शालिकराम एकच. हे खुद्द शालिकरामचं मत होतं, आणि ते तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही ऐकवी. ओंडका उचलायला नुसती ताकद पुरत नाही. आठ माणसं, खांद्यांवर चार बांबू, मध्ये दोरांत लटकलेलं सागवानाचं धूड. आठ जणांचा जोर एकाच क्षणी लागला नाही तर एखाद्याची कंबर जन्माची जाते. तो क्षण सांगणारा माणूस म्हणजे शालिकराम. आधी तो एक लांब ओळ ओढायचा, मनाला येईल ती. कुणाच्या मेहुण्याची थट्टा, कुणाच्या फाटक्या चपलेची. आणि ओळीच्या टोकाला सगळे मिळून "हैश्शा!" त्या हैश्शावर ओंडका जमीन सोडायचा. बावीस वर्षांत त्याच्या हाकेवर कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं.

अशा माणसाला त्याच्याच घरात गेले चार दिवस तोंड उघडायची बंदी होती. इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांत जयवंता भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि शालिकरामची बायको तुळसाबाई ओठांवर बोट ठेवून त्याला दारातच गप्प करायची. पोरगी नापास झाली होती.

जयवंता त्यांची एकुलती एक. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, सदर भागातल्या महादेवराव सरांच्या क्लासात शॉर्टहँड शिकली आणि एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. पण जागा तात्पुरती. कचेरीचा नियम स्पष्ट होता. वर्षाच्या आत शॉर्टहँडची परीक्षा द्यायची. साहेब इंग्रजी उतारा वाचणार, मिनिटाला शंभर शब्द, अशी पाच मिनिटं. तो रेघोट्यांत उतरवून घ्यायचा आणि मग टाइप करून द्यायचा. पास झालं तर स्टेनो, आणि नोकरी कायम. दोनदा बसता येईल. दोन्ही वेळा गेलं तर हातातली तात्पुरती जागाही सोडायची. पहिली वेळ गेली होती. दुसरी चोवीस दिवसांवर आली होती.

पाचव्या दिवशी शालिकरामला राहवलं नाही. तो सरळ तिच्यापुढे जाऊन बसला.

"काहून गेली वं माय? येत तर होतं तुले."

"येते बा. लहान शब्द कितीही लवकर येऊ दे, हात चालते. लांब शब्द आला का मी तिथंच उभी."

"लांब म्हणजे किती लांब?"

"ॲडमिनिस्ट्रेशन," जयवंता म्हणाली, आणि तो शब्द म्हणताना तिने एखाद्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसं तोंड केलं. "आमचे सर वाचतात तर एकेक तुकडा मोजून ठेवतात. ॲड, मि, नि, स्ट्रे, शन. सगळे सारखे. अन् त्या दिवशीचा साहेब अर्धा शब्द गिळून टाके. मले नुसतं 'स्ट्रेशन' ऐकू आलं. हे काय आलं म्हून मी विचार करत राहिली, तेवढ्यात तो दोन ओळी पुढे."

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी बापाला मजा वाटू नये, पण शालिकरामला वाटली. पाच तुकड्यांचा शब्द, आणि त्यातले पुढचे तीन साहेब गिळतो? मग चौथा का नाही गिळत? हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

"मग घरी रोज सराव कर. कोणी वाचून दिलं म्हणजे झालं ना?"

"कोण देईन वाचून? ह्या गल्लीत कोणाले येते इंग्रजी?"

"मी देतो."

तुळसाबाई तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. जयवंता चार दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि तेही नाकातून.

"हसून काय राहिली? इंग्रजी येत नाही, मराठी तर येते! तू मराठी अक्षरांत लिहून दे, मी वाचतो. समजायची गरज तुले आहे. मले कायले समजायले पायजे?"

शालिकराम चौथी पास होता आणि रोजचा पेपर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचायचा. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर जयवंताने एका जुन्या भाषणाचं पान देवनागरीत उतरवून काढलं. शेजारच्या देवाजीचं सेकंद काट्याचं घड्याळ मागून आणलं. देवाजी शालिकरामच्याच टोळीतला, त्याने घड्याळ दिलं आणि कशाला हवं ते तीनदा विचारलं. घड्याळ तुळसाबाईच्या हातात दिलं. बारीक काटा वर आला की "झालं" म्हणायचं, एवढंच तिचं काम. जयवंता पेन्सिल टोकदार करून बसली. शालिकरामने घसा खाकरला.

सुरुवात झकास झाली. लहान लहान शब्द तो भराभर सोडत गेला. मग पहिला लांब शब्द आला. शालिकरामने छाती भरून श्वास घेतला, आणि,

"ॲडमिनिस्ट्रे-श्शन!"

भिंतीवरची पाल पळाली. जयवंताने शब्द लिहिला आणि पुढच्याची वाट पाहू लागली. शालिकरामही वाट पाहत होता.

"वाच ना बा पुढे."

"अं? हो हो."

दहा शब्दांवर "ऑर्गनायझे-श्शन!" आणि पुन्हा तो थांबला. पुन्हा दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तिसऱ्या लांब शब्दाला तो असाच टोकावर जोर देऊन थांबला, तेव्हा तुळसाबाई घड्याळावरची नजर न काढता सहज बोलून गेली, "हैश्शा!"

तेव्हा कुठे तिघांच्या लक्षात आलं. शालिकराम आठ माणसांच्या उत्तराची वाट बघत होता! बावीस वर्षांची सवय. ओळ लांब आली की जोर टोकाला, आणि मग टोळीचा आवाज येईपर्यंत थांबायचं. जयवंता हसता हसता वहीवर आडवी झाली. तुळसाबाईचं "झालं" म्हणायचं राहूनच गेलं. शालिकरामला राग यावा की हसू यावं ते कळेना, शेवटी हसू आलं. मिनिट उलटून गेलं होतं आणि शब्द झाले होते एकतीस.

हसून झाल्यावर जयवंता गंभीर झाली. "बा, तू चुकतो, पण सर पण चुकतात. जोर टोकाले नसते, अन् सारखा पण नसते. तो कुठंतरी एका तुकड्यावर असते."

"कुठं असते ते कोण सांगीन?"

दुसऱ्या दिवशी तिने क्लासातून जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला. शब्द तुकडे पाडून छापले होते, आणि एका तुकड्याशेजारी बारीक उभी काडी. जिथे काडी तिथे जोर. जयवंताने सगळं पान पुन्हा लिहून काढलं, या वेळी तुकडे तोडून, जोराच्या तुकड्याला लाल पेन्सिलीची काडी देऊन. ॲड-मि-नि-स्ट्रे-शन. काडी 'स्ट्रे'वर.

शालिकरामने ते पान हातात घेतलं आणि तो इतका खूश झाला की उठून उभाच राहिला.

"अरे, हे तर आमचंच काम होय! ओंडका एका अंगानं जड असते वं. मधोमध दोर बांधला का तो कलते. जड कुठं ते पाहूनच दोर बांधा लागते. हे इंग्रज लोक शब्दाले दोर बांधून राहिले अन् कोणी मले सांगितलं नाही!"

त्या दिवसापासून तो वेडा झाला. दुसरा शब्द नाही. सकाळी चहाच्या टपरीवर रेडिओला गाणी लागली असताना तो इंग्रजी बातम्या लावायला सांगू लागला. टपरीवाला वैतागला, बाकीचे हमाल ओरडले.

"तुले समजते का त्यातलं काही?" देवाजीने विचारलं.

"समजत नाही. पण जोर कुठं पडते ते समजते. ऐक, ऐक... हे घे! आला!" आणि तो बाकावर अशी थाप मारायचा की कपबशा उडायच्या.

खिशात जयवंताने लिहून दिलेल्या शब्दांचा कागद असायचा. दुपारी भाकरी सोडताना तो पुढे पसरायचा. घामाने काड्या पुसट व्हायच्या, तर तो टालावरच्या गेरूने त्या पुन्हा ठळक करायचा.

आणि मग सरावाच्या सहाव्या दिवशी ती गोष्ट घडली. ट्रकवर एक लांबलचक ओंडका चढवायचा होता. आठ जण बांबूंना खांदे लावून वाकले. शालिकरामने ओळ ओढण्यासाठी तोंड उघडलं आणि ओळच आठवेना. डोक्यात दुसरंच चाललं होतं. जे चाललं होतं तेच बाहेर आलं.

"ऑर्... ग... नाय... झे!"

'झे'वर आठही जणांनी ताकद लावली. त्यांना शब्दाशी काय करायचं, त्यांना क्षण पाहिजे होता, आणि क्षण चोख होता. ओंडका जमिनीवरून सुटला. "शन," असं शालिकराम हळूच म्हणाला, आणि त्या 'शन'ला ओंडका खांद्यांवर नीट बसला.

शालिकराम जागच्या जागी थिजला. मग म्हणाला, "अजून एक आणा! लवकर!"

"अगा, हा तर चढवू दे पहिले!" देवाजी ओरडला.

त्या दिवशी टालावर जे झालं ते लकडगंजाने आधी कधी ऐकलं नसेल. कॉर्-पो-रे! ओंडका वर. शन! खांद्यावर. एक-झा-मि-ने! वर. शन! खांद्यावर. टोळीला गंमत वाटू लागली, ते उत्तरही देऊ लागले. शालिकरामने 'झे' म्हणावं आणि आठ जणांनी दणक्यात 'शन' म्हणावं. टालाचे मुनीम हिशेब सोडून बाहेर धावले. 'ॲडमिनिस्ट्रेशन' असं काहीतरी एकसुरात ऐकल्यावर त्यांना संपाच्या घोषणा वाटल्या.

"काय मागणी आहे रे तुमची?"

"मागणी नाही जी," देवाजी म्हणाला. "शालिकराम इंग्रजी शिकवून राहिला."

मग शालिकरामने रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी लावून पाहिला. काडी 'बि'वर होती. 'बि'ला ओंडका उठला, पण खांद्यावर बसायला या वेळी दोन तुकडे लागले, लि आणि टी. इ-लेक्-ट्रि-सि-टी. 'ट्रि'ला उठला, पुन्हा दोन तुकड्यांनी बसला. शालिकरामने खिशातला कागद काढला आणि ओंडक्यावरच पसरला. शेवटी 'शन' असलेले सगळे शब्द त्याने बोटाने शोधले. अकरा होते. अकराही शब्दांत काडी बरोबर 'शन'च्या अगोदरच्या तुकड्यावर. शेवटी 'टी' असलेले सहा. सहाही शब्दांत काडी मागून तिसऱ्या तुकड्यावर. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं.

संध्याकाळी हातपाय न धुता, भुशाने माखलेला तो घरात शिरला.

"जयवंता! काड्या खोडून टाक! काडीची गरजच नाही!"

"काय झालं बा?"

"शब्दाची शेपटी पाह्यची! शेपटी सांगते जोर कुठं. शन आला का त्याच्या अगोदर. टी आला का टी धरून दोन तुकडे सोडायचे, त्याच्या अगोदर. विचार मले. कोणताही विचार!"

जयवंताने शब्दकोश मांडीवर घेतला. तिचा विश्वास नव्हता, पण बापाचा चेहरा बघून ती पटापट पानं उलटू लागली.

"कॉम्-बि-ने-शन."

"ने!"

"म्यु-नि-सि-पॅ-लि-टी."

"पॅ! अन् मी जन्मभर म्युन्सिपालटी म्हणत आलो, जोर गटारात गेला माहा!"

"इ-क-नॉ-मिक. आता यात ना शन, ना टी."

शालिकराम डोळे मिटून दोनदा पुटपुटला. "मिक ही एका पावलाची शेपटी वाटते. शनसारखी. नॉ!"

जयवंताने काडी पाहिली आणि किंचाळली. तुळसाबाई चुलीपासून उलथनं घेऊन धावत आली. नऊ शब्द विचारले, नऊ बरोबर. मग दहावा विचारला, टेलिव्हिजन. शालिकराम म्हणाला, जन म्हणजे शनचा भाऊच, जोर 'व्हि'वर. जयवंताने शब्दकोशात पाहिलं. काडी 'टे'वर होती, पार पुढे.

शालिकरामचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "जी वस्तू नागपुरात कोणी पाहिली नाही, तिचा शब्द कायले विचारते वं? त्याले काडी राहू दे."

पण जयवंताला आता टेलिव्हिजनची पर्वा नव्हती. ती उठून खोलीभर फिरत होती. "बा, आमच्या शॉर्टहँडमध्ये 'शन'ले एक इवलीशी आकडी असते. दोन वर्षं मी ती आकडी काढून राहिली, पण शन कोणाले धरून चालते हे माह्या ध्यानातच नाही आलं! आता साहेबाले पुढचे तुकडे गिळू दे. जड तुकडा अन् शेपटी कानावर पडली का माहा शब्द पुरा!"

"लिही मग! बस! घड्याळ कुठं आहे?"

त्या दिवशी जेवणं मागे राहिली आणि तुळसाबाई दोघांवरही ओरडली. मिनिटाला साठ झाले, दोन दिवसांनी ऐंशी. शालिकरामने आता टोकाला थांबायची सवय मोडली. पुढचे लहान तुकडे पटकन सरकवायचे, जड तुकड्याला छाती लावायची, शेपटी अलगद टेकवायची, की लगेच पुढे. ऐकणाऱ्याला वाटावं की या माणसाचा जन्म साहेबांत गेला. आपण काय बोलतोय ते त्याला कळत नव्हतं, एका शब्दाचा अपवाद सोडून. कॉन्-स्टि-ट्यू-शन म्हणजे काय ते त्याने विचारलं. "आपली राज्यघटना," जयवंता म्हणाली. त्यानंतर तो शब्द आला की मांडी घालून बसलेला शालिकराम उठून उभा राहायचा, तो शब्द म्हणायचा आणि परत बसायचा. त्यात दोन सेकंद जायचे, पण जयवंताने कधी हटकलं नाही. सरावाच्या अठराव्या दिवशी मिनिटाला एकशे दहा झाले, उठबस धरून.

परीक्षेच्या दिवशी शालिकरामने खाडा केला. जयवंताला सायकलवर बसवून तो परीक्षेच्या जागी घेऊन गेला. ती आत गेली. उन्हं तापली होती, म्हणून त्या खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या. शालिकराम खिडकीखालच्या कडुनिंबाच्या सावलीत उभा राहिला. इथून तिला बघता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तो मनाशी म्हणत होता, येऊ दे कोणत्या शब्दाले यायचं ते. शेपट्या तयार आहेत!

आतून साहेबाचा आवाज सुरू झाला.

"द... ॲड... मि... नि... स्ट्रे... शन..."

शालिकरामने कान टवकारले. जोर कुठे आहे? जोर नव्हताच! हा साहेब वेगळा होता. सपाट आवाज, शब्द गिळत नव्हता, पण उचलतही नव्हता. तुकड्यांमागून तुकडे सारखे टाकत चालला होता, महादेवराव सरांसारखे, पण त्यांच्या दुप्पट वेगाने. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते बाहेर उभ्या माणसाला कळत नव्हतं.

इतके दिवस आपण पोरीच्या कानात जोर भरला. ती आता जोराची वाट बघत बसली असेल, आणि इथे जोर येणारच नाही. सरांच्या वाचण्याची तिला सवय होती, ती आपण मोडली. म्हणजे आपणच तिला बुडवलं. टालावर हाक चुकली असती तर तो "ठेवा, ठेवा!" असं ओरडून मोकळा झाला असता. इथे कुणाला ओरडून सांगणार? तो खिडकीखाली नुसता उभा राहिला आणि साहेबाच्या प्रत्येक लांब शब्दाला ओठांतल्या ओठांत जोर देत राहिला. ने. रे. बि. ट्यू. जणू त्याने इथे उचललं तर ते आत तिला हलकं होणार होतं. एका शिपायाने येऊन "काका, इथून व्हा ना बाजूले" असं म्हटलं, ते त्याला ऐकूच आलं नाही.

पाच मिनिटं संपली. मग टाइप मशिनींचा खडखडाट सुरू झाला आणि तासभर चालला.

जयवंता बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. शालिकरामने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चुकलं माह्यं, पोरी. त्यानं जोर दिलाच नाही. मी ऐकलं सगळं."

"नाही दिला," जयवंता म्हणाली. "पहिल्या शब्दाले मी पण घाबरली. वाटलं, गेलं आता. मग शन ऐकू आला. अन् शन आला म्हणजे अगोदर जोर पाह्यजेच ना बा? त्यानं नाही दिला तर मग मीच दिला. तो नुसता टाकत गेला, मी उचलत गेली. पाच मिनिटं."

"मग लागलं सगळं?"

"माहीत नाही. मी दिला तो जोर बरोबर होता का चुकीचा, ते आता कागदच सांगीन."

पुढचे आठ दिवस शालिकराम टालावर जुन्याच ओळी ओढत होता, मेहुण्यांच्या आणि चपलांच्या, त्याही अर्ध्या मनाने. इंग्रजी शब्द त्याने तोंडातून काढला नाही. टोळीनेही मागितला नाही.

नवव्या दिवशी दुपारी ट्रकला फळ्या लावून एक मोठा ओंडका वर नेणं चाललं होतं. आठ जण फळीवर होते, अर्ध्या चढावर. शालिकराम त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी चढत हाक देत होता. तेवढ्यात टालाच्या फाटकातून जयवंता आत आली. कचेरीच्या वेळेत. हातात लांब लिफाफा.

तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना, कारण ती धावत आली होती आणि तिला धाप लागली होती. शालिकरामने तिच्याकडे पाहिलं आणि त्याची हाक अर्ध्यात तुटली.

आठ माणसं ओझ्याखाली थांबली. फळी करकरली.

"शालिक!" देवाजी दातांतून बोलला. "हाक दे गा! मरतो ना आम्ही!"

जयवंता होती तिथेच थांबली. तिने लिफाफा छातीशी धरला. शालिकरामने तिच्यावरची नजर काढून ओंडक्यावर लावली. तेवढं करायला त्याला जितकं जड गेलं तितकं बावीस वर्षांत कुठलं लाकूड गेलं नव्हतं. मग त्याने हाक दिली, एकेक पाऊल मोजून, वरपर्यंत. ओंडका ट्रकमध्ये टेकला, दोर सुटले, आठही जण बाजूला झाले. मगच तो खाली उतरला.

त्याने तिच्या हातातल्या लिफाफ्याकडे बोट केलं.

"झाली बा," जयवंता म्हणाली. "कायम झाली. कागद आला."

शालिकराम जवळच्या ओंडक्यावर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. देवाजीने खांद्यावरचा पंचा त्याला दिला. टोळी भोवती गोळा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी जयवंताला बसायला जागा पुसून दिली, आणि मुनीमसुद्धा बाहेर येऊन उभे राहिले.

"वाच," शालिकराम डोळे पुसत म्हणाला. "काय लिहिलं ते वाच."

"इंग्रजीत आहे बा. मराठीत सांगते."

"नको. हाये तसं वाच."

जयवंताने कागद उघडला आणि वाचू लागली. अपॉइंटमेंट, सॅटिस्फॅक्शन, एक्झामिनेशन, एकामागून एक. ती कुठे अडखळली नाही. शालिकराम डोळे मिटून ऐकत होता. प्रत्येक लांब शब्दाला त्याची मान जराशी हलत होती. आठ हमाल आणि एक मुनीम भोवती उभे होते, त्यांतल्या कुणालाच त्यातलं धड काही समजत नव्हतं.

वाचून झालं. जयवंताने कागद खाली केला.

"आता अर्थ सांगू का, बा?"

"सांगशील," शालिकराम म्हणाला. "पहिले अजून एकदा वाच."

आणि तिने ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, मोठ्याने, काही घाई न करता.